फ्रान्सच्या शाळेत इंग्रजीची भाषा-सहाय्यक: अर्जापासून परतीपर्यंत

पुण्यामुंबईत फ्रेंच शिकणारी मुलंमुली बी२ (बऱ्यापैकी सहज बोलता येण्याच्या) पातळीला पोचली की एकच चौकशी करू लागतात: तिथे जाऊन राहायचं कसं? शिष्यवृत्त्या मोजक्या असतात, आणि स्वखर्चाने एमए करायचं म्हटलं तर घरच्यांना कर्ज काढावं लागतं. यांच्या अधेमधे एक तिसरी वाट आहे, पण तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. फ्रान्समधल्या सरकारी शाळा दरवर्षी परदेशी तरुणांना ‘भाषा-सहाय्यक’ म्हणून नेमतात. भारतीयांना इंग्रजीसाठी घेतात. नेमणूक १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची, काम आठवड्याला १२ तास, आणि सगळी कपात होऊन हातात महिन्याला साधारण ८०० युरो पडतात. विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं.

मी ओव्हेर्नमधल्या एका लहान गावात असं वर्ष काढून आले. आता ज्युनिअर मुलं विचारायला येतात तेव्हा जे सांगते, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. आधीच एक स्पष्ट सांगते. हे वर्ष चांगलं जाणं तुमच्या फ्रेंचपेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून आहे. पहिल्या सहा आठवड्यांत कागदपत्रं किती चिकाटीने हातावेगळी करता, ही एक. आणि वर्गात तुम्ही उसना इंग्रज होऊन उभे राहता की स्वतः म्हणून, ही दुसरी.

अर्ज करताना

कार्यक्रम ‘फ्राँस एज्युकासियाँ अँतेर्नासिओनाल’ ही फ्रेंच सरकारी संस्था चालवते. भारतातले अर्ज फ्रेंच दूतावासाच्या सांस्कृतिक विभागामार्फत जातात. वयाच्या, शिक्षणाच्या अटी आणि तारखा त्या त्या वर्षीच्या सूचनेतच बघा, मैत्रिणीच्या गेल्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका. प्रेरणापत्रात ‘मला फ्रेंच संस्कृती आवडते’ हे सगळेच लिहितात. त्याऐवजी मुलांबरोबर काय केलंय ते लिहा: धाकट्या भावंडांच्या शिकवण्या, एनएसएसचं शिबिर, वस्तीतली अभ्यासिका, गणेशोत्सवात बसवलेली बालनाटिका. निवडणाऱ्याला हेच बघायचं असतं की तीस मुलांसमोर हा माणूस घाबरणार तर नाही.

अर्जात प्राथमिक की माध्यमिक आणि कोणती ‘अकादेमी’, म्हणजे शिक्षणखात्याचा कोणता विभाग, याची पसंती विचारतात. बहुतेकांची पहिली पसंती पॅरिस असते. माझं मत अगदी उलट आहे. ८०० युरोंत पॅरिसमध्ये खोलीचं भाडं जेमतेम निघेल. क्लेरमाँ-फेराँ, लिमोज, पुआतिए, दिजाँ अशा विभागांत त्याच पैशांत खोली, जेवण आणि अधूनमधून आगगाडीचा प्रवास बसतो. शिवाय लहान गावात तुम्ही एकटेच परदेशी सहाय्यक असता, त्यामुळे फ्रेंच बोलल्यावाचून गत्यंतर नसतं.

निघण्याआधीचे कागद

नेमणूकपत्र, म्हणजे ‘आरेते द नोमिनासियाँ’, उन्हाळ्यात येतं. कामाच्या परवानगीसाठी त्यावर किंवा त्यासोबत आणखी काही लागतं का, हे विचारूनच व्हिसाची वेळ घ्या. हा तात्पुरत्या कामगाराचा दीर्घ मुदतीचा व्हिसा असतो, विद्यार्थ्याचा नव्हे. फॉर्म भरताना हा गोंधळ फार जण करतात.

आता जन्मदाखला. महाराष्ट्रातल्या कित्येकांच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, ती जागा कोरी असते. असा कागद तिथे चालत नाही. आजच कपाट उघडून बघा. नाव नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ते घालून घ्या, आई-वडील दोघांची नावं पूर्ण आहेत का पाहा, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का. या सगळ्याला आठवडे लागतात, म्हणून निकालाची वाट न पाहता मार्चमध्येच सुरुवात करा. फ्रेंच भाषांतर अधिकृत शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं असतं.

आपल्या नावाचाही एक खास प्रश्न आहे. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. फ्रेंच कारकून वडिलांचं नाव तुमचं दुसरं नाव धरतो, आणि एखादा तेच आडनाव समजतो. बँक, आरोग्यविमा, घरभाडं साहाय्य, शाळेचा पगारविभाग, सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर एकच ठेवा. एका ठिकाणी फरक पडला की पगार अडकतो.

सामानात काय घ्यायचं? गोडा मसाला, हिंग, मेतकूट, बाकरवडी बेलाशक न्या. पेढे, तूप, चक्का, सुकी मासळी मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, मासळीचे नियम वेगळे असले तरी ती वाटेत वास मारते हे वेगळं सांगायला नको. ताज्या कढीपत्त्यालाही मनाई आहे. वाळवून पूड करून मसाल्यातच घाला. लहान कुकर जरूर घ्या. जाड कोट इथे विकत घेऊ नका, तिथे स्वस्त आणि चांगला मिळतो. आणि पहिल्या पगारापर्यंत पुरतील असे निदान १,२०० ते १,५०० युरो जवळ हवेत. पहिला पगार कधी ऑक्टोबरअखेर, कधी नोव्हेंबरअखेर येतो. शाळेच्या कार्यालयात आगाऊ रक्कम मागता येते, पण ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही.

पहिले सहा आठवडे: क्रम चुकवू नका

फ्रान्समध्ये एक कागद दुसऱ्या कागदावर अडून बसतो. घरमालक बँक खातं मागतो, बँक पत्त्याचा पुरावा मागते, आणि खात्याशिवाय पगार नाही. या चक्रातून सुटायचा सोपा मार्ग शाळेतूनच जातो.

पहिल्या दिवशी शाळेत गेलात की रुजू झाल्याचा कागद सही करून घ्या. त्याला ‘प्रोसे-व्हेर्बाल दँस्तालासियाँ’ म्हणतात, आणि तुमचा पगार इथून सुरू होतो. त्याच भेटीत, तुम्ही शाळेच्या वसतिगृहात किंवा कुणा शिक्षकाकडे उतरला असाल तर निवासाचं पत्र मागून घ्या. ते पत्र, पासपोर्ट आणि नेमणूकपत्र घेऊन बँकेत जा. एका बँकेने नाही म्हटलं तर दुसरीकडे. सगळ्यांनीच नकार दिला तर लेखी नकार मागा. तो दाखवून फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेकडे अर्ज करता येतो, आणि ती एखाद्या बँकेला तुमचं खातं उघडायला लावते. हा कायद्याने दिलेला हक्क आहे. खातं उघडल्यावर मिळणारा खात्याचा तपशील, ‘रिब’, त्याच दिवशी शाळेला द्या.

त्यानंतर व्हिसाची ऑनलाइन नोंदणी. पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. ती राहिली तर तुमचा मुक्काम बेकायदा ठरतो, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच उरकून टाका.

पुढचा नंबर आरोग्यविम्याचा. तुम्ही पगारदार असल्यामुळे सरकारी आरोग्यविम्यात येता. जिल्ह्याच्या विमा कार्यालयात अर्ज केला की आधी तात्पुरता क्रमांक येतो, कायमचा यायला महिने लागतात. अपोस्टिल केलेला जन्मदाखला इथेच लागतो. तोवर डॉक्टरांच्या पावत्या जपून ठेवा, पैसे नंतर परत मिळतात. तातडीची वेळ आली तर १५ किंवा ११२ फिरवा.

घर

सर्वांत आधी शाळेलाच विचारा. अनेक लिसेंना, म्हणजे उच्च माध्यमिक शाळांना, वसतिगृह असतं आणि सहाय्यकाला तिथे नाममात्र भाड्यात खोली देतात. ते नसेल तर तरुण कामगारांची वसतिगृहं असतात, त्यांना ‘फोयेर’ म्हणतात. तिसरा पर्याय म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेलं घर. खासगी घरमालक हमीदार मागतात, आणि भारतातले बाबा हमीदार म्हणून चालत नाहीत. त्यासाठी ‘व्हिझाल’ नावाची मोफत हमी आहे, ३० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना मिळू शकते. करारावर सही करण्याआधी तिचं प्रमाणपत्र काढा. नंतर चालत नाही.

घरात शिरताना खोलीची तपासणी होऊन एक कागद बनतो, ‘एता दे लिय’. भिंतीवरचा डाग, सैल नळ, तडा गेलेला आरसा, सगळं त्यात लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. घरमालक कितीही प्रेमळ असला तरी. घराचा विमा भाडेकरूला सक्तीचा आहे, वर्षाला फार पैसे लागत नाहीत.

भाड्यातला काही हिस्सा सरकार देतं. त्यासाठी ‘काफ’ या कार्यालयाकडे अर्ज करायचा. ही मदत राहायला आल्यानंतरच्या महिन्यापासून सुरू होते आणि मागील महिन्यांची मिळत नाही, म्हणून किल्ली हातात पडली की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

वर्ग

मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते याबद्दल.

तुम्ही शिक्षक नसून सहाय्यक आहात. गुण देणं, शिक्षा करणं, पालकांना बोलावणं तुमचं काम नाही. प्राथमिकमध्ये वर्गशिक्षक तुमच्यासोबत असतात. कोलेजमध्ये म्हणजे साधारण ११ ते १५ वर्षांच्या, आणि लिसेमध्ये म्हणजे १५ ते १८ वर्षांच्या मुलांना बहुधा अर्ध्या वर्गाच्या गटात घ्यायला देतात. पहिले दोन आठवडे फक्त मागे बसून बघण्याची परवानगी मागा. कुठल्या शिक्षिकेला गोंगाट चालतो, कुठला गट शेवटच्या तासाला पेंगतो, कोण मुलगा हुशार पण लाजाळू आहे, हे बघितल्याशिवाय तास आखू नका. प्रत्येक शिक्षकाला लेखी विचारा: तुमचा सध्याचा धडा कोणता, माझ्याकडून काय हवंय, किती मिनिटं?

फ्रेंच मुलं लिहिण्यात बरी असतात, बोलायला मात्र घाबरतात. चूक झाली तर वर्ग हसेल ही भीती मोठी असते. आपल्याकडे मराठी माध्यमातून अकरावीत आलेल्या मुलाला इंग्रजीत उभं केल्यावर जे होतं, अगदी तेच. तो अनुभव तुमच्या गाठीशी असेल तर लंडनहून आलेल्या सहाय्यकापेक्षा तुम्ही या मुलांच्या जास्त जवळचे आहात. म्हणून थेट प्रश्न विचारून हात वर करायला लावू नका. आधी दोन मिनिटं शांतपणे शब्द टिपू द्या, मग जोडीत बोलू द्या, मग चौघांत, आणि शेवटी ज्याला वाटेल तो वर्गासमोर बोलेल. बोलताना मध्येच चूक सुधारू नका. दोन-तीन नेहमीच्या चुका शेवटी फळ्यावर लिहा, नाव न घेता.

उच्चाराबद्दल मनात भीती असते. ‘त्यांना इंग्रज हवा असेल तर?’ एखादा मुलगा तसं म्हणेलही. बीबीसीचा सूर ओढून आणू नका, तो दुसऱ्या तासाला गळून पडतो आणि मुलांना ते लगेच कळतं. थोडं सावकाश, स्पष्ट, आपलंच इंग्रजी बोला. लिसेच्या अभ्यासक्रमात इंग्रजी भाषिक जग म्हणजे फक्त ब्रिटन-अमेरिका नाही, भारतही त्यात येतो. २०१९ च्या अभ्यासक्रमात शेवटच्या दोन वर्षांचे विषय आठ सूत्रांभोवती बांधलेले होते. त्यातली ‘प्रदेश आणि स्मृती’ आणि ‘विविधता आणि समावेश’ ही दोन तर तुमच्यासाठीच केली आहेत असं वाटतं.

माझे चाललेले दोन तास जसेच्या तसे सांगते.

पहिला: मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा फोटो दाखवा, नाव लपवून. कुठलं शहर ओळखा, आणि का ते सांगा. बहुतेक जण लंडन म्हणतात. मग घुमट, जाळ्या, प्राणी-पक्ष्यांचं कोरीवकाम जवळून दाखवा, अंदाज बदलतात. मग कालरेषा: १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी, १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव, १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस, २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत, २०१७ मध्ये नावात ‘महाराज’. आता मुलांना प्रश्न: तुमच्या गावातल्या कुठल्या रस्त्याचं नाव बदलाल, कुठलं मुळीच बदलू देणार नाही? राष्ट्राध्यक्ष दे गोल, समाजवादी नेते जाँ झोरेस, लेखक व्हिक्टर ह्युगो यांच्या नावाचे रस्ते बहुतेक प्रत्येक फ्रेंच गावात असतात. अशी काही भांडणं सुरू होतात की घंटा ऐकू येत नाही.

दुसरा: १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८८० मध्ये कामीय से या खासदाराच्या कायद्याने फ्रान्समध्ये मुलींसाठी सरकारी माध्यमिक शिक्षण सुरू झालं. दोन्ही तारखा फळ्यावर लिहा आणि गप्प राहा. यात कोण पुढे कोण मागे अशी शर्यत लावायची नाही. एक प्राथमिक शाळा होती आणि दुसरा देशभराचा कायदा, हा फरक मुलांनाच शोधायला लावा. सावित्रीबाईंवर शेण-दगड फेकले जात, ही गोष्ट ऐकून मागच्या बाकावरचं पोरगंही मान वर करतं.

अवघड प्रश्न येणारच. जात, हुंडा, झोपडपट्ट्या, ठरवून केलेली लग्नं. चिडू नका आणि देशाची वकिलीही करू नका. जे खरं आहे ते सांगा, त्याविरुद्ध आपल्याकडे कोण लढलं, कोण लढतंय तेही सांगा. आंबेडकरांचं नाव फ्रान्समधल्या मुलांनी बहुधा ऐकलेलं नसतं. गांधीजींचं ऐकलेलं असतं. तिथून बोलायला सुरुवात होते.

धर्मनिरपेक्षतेचे नियम नीट समजून घ्या. १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हं वापरता येत नाहीत, आणि शाळेत काम करणाऱ्यांवर तटस्थतेचं बंधन त्याहून कडक असतं. तुम्ही सरकारी कर्मचारी असता. टिकली, गळ्यातलं लॉकेट, मनगटावरचा दोरा याबद्दल शंका असेल तर मुख्याध्यापकांना पहिल्याच आठवड्यात सरळ विचारा. दिवाळीचा तास घेता येतो: फराळ, आकाशकंदील, किल्ले, रांगोळी, सण म्हणून. पूजा करता येत नाही. दिवाळी बऱ्याचदा ऑक्टोबरअखेरच्या सुटीतच येते, तेव्हा हा तास सुटीच्या आधी ठेवा.

शिक्षकांची खोली आणि जेवण

खोलीत शिरताना सगळ्यांना ‘बाँझूर’ म्हणा, दुकानात शिरतानाही. न म्हणणं उद्धटपणा समजतात. मोठ्यांना ‘व्हू’ (तुम्ही) म्हणा, समोरच्याने ‘त्यु’ (तू) म्हणायला सुचवलं की बदला. झेरॉक्सचा कोड आणि किल्ली कुणाकडे मिळते हे सचिवांना विचारा. त्या बाईंशी मैत्री असली की निम्मी कामं होतात.

डबा घेऊन कोपऱ्यात बसू नका. शाळेच्या खानावळीत शिक्षकांबरोबर जेवा. गावातली खबरबात, रविवारच्या भटकंतीचं आमंत्रण, जुनी सायकल, शहरापर्यंत गाडीतली जागा, सगळं त्याच टेबलावर मिळतं. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा. आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देणं शाळांच्या खानावळींना कायद्याने बंधनकारक आहे, बाकीचे दिवस भाज्या, चीज, अंडी, पाव यांवर भागवावं लागतं.

घरच्या जेवणाचं अवघड नाही. नारिंगी मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात ‘लाँतिय कोराय’ नावाने मिळते. पोळीसाठी पिठाच्या पाकिटावर ‘टी ११०’ किंवा ‘टी १५०’ पाहा, अंक जितका मोठा तितका कोंडा जास्त. बारीक ‘सेमूल’चा उपमा उत्तम होतो. ‘फ्रोमाज ब्लाँ’ फडक्यात टांगून, साखर-वेलची घालून श्रीखंडाच्या अगदी जवळचं काहीतरी बनतं. ते शिक्षकांच्या खोलीत न्या. पोहे, तूरडाळ, कोकम यांसाठी पॅरिसला गेलात की गार दु नोर स्टेशन आणि ला शापेलच्या मधल्या तमिळ दुकानांत पिशवी भरून घ्या. रविवारी गावातली बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच बाजार करा.

नोव्हेंबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, आणि डिसेंबरात पाचच्या सुमाराला अंधार पडतो. १२ तासांचं काम म्हणजे उरलेला आठवडा रिकामा. बहुतेकांचा धीर इथे खचतो. नवेपण ओसरलेलं असतं, कागद अडकलेले असतात, आणि घरी फराळाचे फोटो येत असतात.

यावर माझा उपाय एकच: नगरपालिकेत जाऊन गावातल्या संस्थांची यादी मागा आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जावं लागेल अशा एका ठिकाणी नाव घाला. गायनवृंद, व्हॉलीबॉल, पदभ्रमण, काहीही. ग्रंथालयाचं कार्ड काढा. घरी फोनची वेळ ठरवून घ्या, दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्यातच राहू नका. आणि मन फारच खाली गेलं, झोप उडाली, तर डॉक्टरांकडे जा. तिथे यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सुट्या भरपूर आहेत: ऑक्टोबरअखेर, नाताळ, हिवाळा आणि वसंत, प्रत्येकी दोन आठवडे. २७ वर्षांपर्यंतच्यांना रेल्वेचं सवलत कार्ड मिळतं, ते पहिल्या महिन्यातच काढा. तुमच्या व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं.

परतताना

मुदतवाढ हवी असेल तर हिवाळ्यातच शाळेने तुमच्यासाठी नेमलेल्या संपर्क-शिक्षकांशी बोला, एप्रिलमध्ये उशीर झालेला असतो. मुख्याध्यापकांकडून कामाचं प्रमाणपत्र आणि एखाद्या शिक्षिकेकडून शिफारसपत्र, दोन्ही सहीशिक्क्यानिशी घ्या. सामानासह दिलेल्या घरासाठी एक महिन्याची लेखी सूचना पुरते, ती मार्चअखेर नोंदणीकृत पत्राने पाठवा. काफला निघण्याची तारीख कळवा, नाहीतर जादा आलेले पैसे ते परत मागतात. पगाराच्या सगळ्या पावत्या भारतात घेऊन या. प्राप्तिकराचं विवरण वसंतात भरायचं असतं, या पगारावर कर बहुधा लागत नाही, तरी निघण्याआधी कर कार्यालयात एकदा विचारून घ्या.

बँक खातं मात्र विमान पकडायच्या आदल्या दिवशी बंद करू नका. घराची अनामत परत करायला घरमालकाला एक महिना, आणि तपासणीत काही निघालं तर दोन महिने मिळतात. शेवटचा पगार आणि डॉक्टरांच्या पावत्यांचे पैसेही त्याच खात्यात येतात. जुलैपर्यंत ते चालू ठेवा, बँकेला भारतातला पत्ता द्या, आणि ओटीपी येणारा फ्रेंच नंबर सगळ्यांत स्वस्त प्लॅनवर तोवर जिवंत ठेवा.